साधना कट : अनुकरण आणि अनुरूपता

प्रस्तुत लेखात लोकप्रिय व्यक्तीची वेशभूषा व केशरचना स्वतःला अनुरूप करून घेणे म्हणजे नेमके काय, याचा विचार एका परिचित उदाहरणाच्या आधारे केला आहे. हे उदाहरण म्हणजे हिंदी चित्रपटसृष्टीतील अभिनेत्री साधना शिवदासानी (१९४१-२०१५) यांची कपाळावर रुळणाऱ्या केसांची झालर, अर्थात 'साधना कट'.

'लव्ह इन सिमला' (१९६०) या चित्रपटाच्या वेळी साधना यांचे कपाळ कॅमेऱ्यासमोर फार रुंद दिसते, अशी अडचण उद्भवली. प्रथम केसांच्या रेषेलगत पट्टी लावून पाहण्यात आली. तिने काम भागले नाही. तेव्हा दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्न यांच्याप्रमाणे पुढचे केस कापून कपाळावर घेण्याचे सुचविले. म्हणजे ज्या रचनेचे अनुकरण पुढे असंख्य तरुणींनी केले, ती मुळातच एक अनुकरण होती. मात्र हे अनुकरण सरसकट नव्हते. 'रोमन हॉलिडे' (१९५३) मधील हेपबर्न यांचे केस सर्व बाजूंनी आखूड होते. साधना यांनी त्यातील झालर तेवढी स्वीकारली आणि पुढील चित्रपटांत तिची सांगड लांब केस, अंबाडा व साडी यांच्याशी घातली. स्वतः हेपबर्न यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. 'सॅब्रिना' (१९५४) मुळे लोकप्रिय झालेला होडीच्या आकाराचा गळा त्यांच्या कृश अंगावरील गळ्याची ठळक हाडे झाकीत असे.

यावरून असे म्हणता येईल की, प्रसिद्ध शैलीच्या मुळाशी बहुधा एखादी शारीरिक उणीव किंवा गरज असते. अनुकरण करणारा मात्र उपाय उचलतो आणि गरज विसरतो. कपाळावरील आडवी रेषा चेहऱ्याची लांबी कमी भासविते. त्यामुळे रुंद कपाळाला व उभट चेहऱ्याला ती शोभते. ज्या मुलीचे कपाळ मुळातच लहान व चेहरा गोल आहे, तिचा चेहरा याच झालरीने अधिक आखूड दिसतो. कुरळ्या केसांची अडचण आणखी निराळी : ते वाळल्यावर वर चढतात, म्हणून अशा केसांची झालर लांब ठेवून एका बाजूस वळविणे इष्ट. केशकर्तनाच्या दुकानात छायाचित्र दाखवून 'हुबेहूब असेच करा' म्हणणाऱ्यांना हा भेद सहसा कोणी सांगत नाही.

'वक्त' (१९६५) मधील साधना यांचा तंग चुडीदार-कुर्ता हे दुसरे उदाहरण होय. त्याची रचना कोल्हापूरच्या भानू अथैया यांची होती. चुडीदाराचे कापड उरेब कापलेले असते. त्यामुळे साधे सुती कापडही थोडे ताणले जाऊन पोटरीला बसते आणि घोट्याशी चुण्या पडतात. कुर्त्याचे तसे नाही. तो अंगाच्या मापानेच बेतावा लागतो. ज्यांना दिवसभर उभे राहून शिकवायचे वा बसने प्रवास करायचा आहे, त्यांनी चुडीदार तसाच ठेवून कुर्ता काखेत व कमरेत थोडा सैल घ्यावा आणि बाजूच्या चिरा वाढवाव्यात. शैलीची ओळख कायम राहते आणि श्वासही घेता येतो.

महाविद्यालयांतून विद्यार्थिनींच्या नटण्याकडे 'नटीची नक्कल' म्हणून उपहासाने पाहण्याची वृत्ती अद्याप आढळते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा उपहास अनाठायी आहे. पडद्यावरील वस्त्र पाहून ते आपल्या अंगाला, ऐपतीला व कामाला कसे जुळेल, याचा विचार करणारी मुलगी प्रमाणबद्धतेचा अभ्यासच करीत असते. तिला गरज असते ती कारणे समजावून सांगणाऱ्याची.

अनुरूपतेचे हे स्वातंत्र्य खुद्द तारकेला मात्र नेहमीच मिळते असे नाही. 'परख' (१९६०) मध्ये पोस्टमास्तरच्या मुलीच्या भूमिकेत साधना साध्या केशरचनेत दिसल्या होत्या. पुढे 'मेरे मेहबूब' (१९६३) च्या वेळी भूमिकेला साजेसे म्हणून त्या मधोमध भांग पाडून, केस चापून बसवून आल्या, तेव्हा दिग्दर्शक एच. एस. रवैल यांनी झालर परत आणण्याचा आग्रह धरला, असे सांगितले जाते. प्रेक्षकांना 'साधना कट' हवा होता, आणि चित्रपटात तो आहे.