व्हिटॅमिनची गोळी अन् लालबुंद कान

भाकरी-खर्ड्याचं जेवण झालं, वर गरम चहा झाला आणि मग नायसिनची गोळी. अर्ध्या तासात तोंड लालबुंद, कानाच्या पाळ्या तापलेल्या, मानेला-छातीला खाजकुयली लागल्यासारखी खाज. घरच्यांना वाटतं, ॲलर्जी झाली! बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते. नायसिनमुळे कातडीतल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन सोडतात, त्यानं बारीक रक्तवाहिन्या फुलतात. तासाभरात सगळं ओसरतं. गरम चहा, तिखट आणि दारू मात्र ही आग वाढवतात. गोळी साध्या पाण्याबरोबरच बरी. ओठ सुजले किंवा धाप लागली, तर तासभर वाट पाहायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

नायसिन म्हणजे बी-3 जीवनसत्त्व. याचं मूळ नाव निकोटिनिक आम्ल, कारण रसायनशास्त्रज्ञांनी ते आधी निकोटिनपासून बनवलं. हे निकोटिन तंबाखूतलं. जीवनसत्त्वाच्या नावातून तंबाखूचा वास येऊ नये म्हणून ‘नायसिन’ हे बारसं झालं.

आपल्या भाकरीचाही याच्याशी संबंध आहे. नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो : उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब लागतात, डोकं भ्रमतं. दख्खनमध्ये ज्वारीवरच पोट भरणाऱ्या गरिबांत तो का दिसायचा, याचा शोध घेताना हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. भाकरीला नावं ठेवायचं कारण नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी घ्या. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 12 मिलिग्रॅम नायसिन असतं.

दिवसाची गरज 14 ते 16 मिलिग्रॅम. रक्तातली चरबी उतरवण्यासाठी डॉक्टर देतात तो डोस मात्र 1000 ते 2000 मिलिग्रॅम! खरी काळजी इथं आहे. एवढ्या मात्रेत साखर चढू शकते. युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा ठणकू शकतो. पोटातला जुना अल्सर उचल खातो, बीपी उतरून उभं राहताना घेरी येते. लिव्हरला इजा होते तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही, म्हणून रक्ततपासणी चुकवू नका. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्वचित डोळ्याच्या पडद्यावर सूज येऊन अंधूक दिसतं. गोळी थांबवल्यावर ती बहुधा उतरते.

मधुमेही माणसानं शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ही गोळी आणू नये, एवढं मी कळकळीनं सांगेन. 2014 साली 25 हजारांवर रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या जोडीला नायसिन देऊन हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत, साखरेचा त्रास मात्र वाढला. तेव्हापासून डॉक्टरांचा हात आखडला. घरात जुनी स्ट्रिप असेल, तर पुढच्या खेपेला ती डॉक्टरांसमोर ठेवा.

आणि चेहऱ्याच्या क्रीमवर लिहिलेलं नायसिनामाइड? ते याचंच भावंड. त्यानं कान लाल होत नाहीत आणि कोलेस्टेरॉलही उतरत नाही.