अवटु-हॉर्मोनाचा उपचार : आरंभीची मात्रा आणि घेण्याची वेळ

अवटु ग्रंथी निकामी झाली असता तिचे हॉर्मोन बाहेरून पुरविणे, हा अंतःस्रावी विकारांवरील सर्वांत जुन्या आणि सर्वांत यशस्वी उपचारांपैकी एक होय. इ. स. १८९१ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क श्लेष्मशोफाने पीडित अशा एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला. पुढच्याच वर्षी हा अर्क तोंडावाटे दिला तरी गुण येतो, असे दिसून आले. ती स्त्री त्यानंतर २८ वर्षे जगली व १९१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, निवर्तली. मरे याने तिचा समग्र वृत्तांत १९२० मध्ये प्रसिद्ध केला. तेवढ्या अवधीत तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या.

केंडॉल याने १९१४ मध्ये या ग्रंथीतील कार्यकारी द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. हॅरिंग्टनने १९२६ मध्ये त्याची रचना निश्चित केली आणि बार्जरच्या साहाय्याने १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत घडविले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी लहानशी गोळी ही त्याच थायरॉक्सिनाच्या सोडियम लवणाची असते. द्रव्य शुद्ध, मात्रा मायक्रोग्रॅमपर्यंत नेमकी, किंमत माफक. तथापि पहिल्या दिवशी किती द्यावे आणि ते दिवसाच्या कोणत्या प्रहरी घ्यावे, या दोन प्रश्नांची उत्तरे ठरावीक सूचनांच्या रूपाने पाठ केली जातात. त्यांमागील कारणे मात्र क्वचितच विचारली जातात. ती कारणे एकदा ध्यानी आली म्हणजे सूचनेला अपवाद केव्हा करावा, हेही कळते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे थायरॉक्सिनाचे अर्धायुष्य. रक्तातील थायरॉक्सिनाचा बहुतेक सर्व साठा प्रथिनांशी बद्ध असतो व तो निम्म्यावर येण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणजे एका दिवसात या साठ्याचा जेमतेम दहावा हिस्सा खर्ची पडतो. शिवाय थायरॉक्सिन हे बव्हंशी पूर्वद्रव्यच होय. ऊतकांत प्रत्यक्ष कार्य करणारे ट्रायआयोडोथायरोनिन शरीर त्यापासून स्वतःच्या गरजेप्रमाणे बनविते. अवटु ग्रंथी नसलेल्या व्यक्तींतही हे रूपांतर होते, असे ब्रेव्हरमन, इंगबार व स्टर्लिंग यांनी १९७० मध्ये दाखवून दिले आणि केवळ थायरॉक्सिन देऊन उपचार करण्यास शास्त्रीय आधार लाभला.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मात्रा बदलल्यावर रक्तातील पातळी स्थिर होण्यास पाच अर्धायुष्ये, म्हणजे सुमारे पाच आठवडे लागतात. पोष ग्रंथीचे अवटु-उद्दीपक हॉर्मोन तर त्याहून थोडे मागाहून स्थिरावते. म्हणूनच रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावयाची असते. दोन आठवड्यांत ती करून मात्रा वाढविणे म्हणजे वरण उकळण्यापूर्वीच चव पाहून पुन्हा मीठ घालण्यासारखे आहे. दुसरा निष्कर्ष अधिक मार्मिक आहे. ज्या द्रव्याचा साठा आठवडाभर पुरतो ते सकाळी घेतले काय किंवा रात्री घेतले काय, ऊतकांना त्याचा भेद कळू नये. घेण्याच्या वेळेचा प्रश्न हा हॉर्मोनाच्या कार्याचा नसून अभिशोषणाचा, म्हणजे पोटात त्या वेळी आणखी काय आहे याचा, प्रश्न आहे.

आरंभीच्या मात्रेचा विचार प्रथम करू. ग्रंथीचे कार्य पूर्ण बंद पडलेल्या प्रौढास दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते. साठ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस हे प्रमाण शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास पडते. ‘थोड्यापासून आरंभ करा, हळूहळू वाढवा’ हा जुना दंडक सर्वांना सरसकट लावण्याची प्रथा दीर्घकाळ होती. तिच्यामागे भीती होती ती हृदयाची. हॉर्मोनामुळे हृदयाची गती आणि प्राणवायूची गरज वाढते. हृद्रोहिण्या अरुंद झालेल्या असतील तर हृदयशूल उद्भवतो. ही भीती खरी आहे, पण ती सर्वांनाच लागू नाही. नेदरलँड्समध्ये हृद्रोग नसलेल्या ५० रुग्णांवर केलेल्या एका चाचणीत, जी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, निम्म्यांना पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा व इतरांना २५ मायक्रोग्रॅम देण्यात आले. पूर्ण मात्रेने रक्तातील प्रमाण लवकर सुधारले व हृदयाला कोणाच्याही अपाय झाला नाही. मात्र रोगलक्षणे दोन्ही गटांत सारख्याच गतीने ओसरली. तेव्हा तरुण व निरोगी हृदयाच्या रुग्णास महिनोन्महिने अपुऱ्या मात्रेवर ठेवण्यात अर्थ नाही, आणि वृद्धास किंवा हृद्रोग्यास १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून चढत जाण्याचा जुना दंडकच योग्य, असे म्हणता येते.

एक धोका मात्र असा आहे की ज्यात अल्प मात्राही घातक ठरू शकते. अवटु ग्रंथीचा नाश करणारी स्वप्रतिरक्षा कधी कधी अधिवृक्क ग्रंथीवरही घाला घालते. पोष ग्रंथीच्या विकारात तर दोन्ही ग्रंथींची प्रेरणाच नाहीशी होते. अशा रुग्णात थायरॉक्सिन दिले असता कॉर्टिसॉलचा निचरा व शरीराची त्याची मागणी ही दोन्ही वाढतात आणि तुटपुंज्या साठ्यावर तगून राहिलेला रुग्ण कोसळतो. येथे क्रम उलटून चालत नाही : आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉक्सिन. वजन घटत असलेला, रक्तदाब उतरलेला, त्वचा काळवंडलेला रुग्ण अवटुन्यूनतेचे निदान घेऊन आला, तर गोळी लिहिण्यापूर्वी थांबावे. उपचार न झालेल्या अधिवृक्क-न्यूनतेत अवटु-उद्दीपक हॉर्मोन स्वतःच किंचित वाढलेले असते व केवळ कॉर्टिसॉल दिल्याने ते पूर्ववत होऊ शकते, हेही स्मरणात ठेवावे.

याच्या नेमकी उलट स्थिती नवजात अर्भकाची. तेथे घाई हाच धर्म. जन्मजात अवटुन्यूनता असलेल्या बालकास दर किलोग्रॅममागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रौढाच्या सहा ते नऊ पट, मात्रा लागते आणि ती जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. मेंदूच्या वाढीचा तो काळ निघून गेला की मागाहून दिलेले औषध उंची वाढवील, बुद्धी परत आणणार नाही. जडवामनता म्हणून पाठ्यपुस्तकांत वर्णिलेली अवस्था ती हीच. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून सर्व नवजातांची तपासणी करण्याची पद्धत कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७० नंतरच्या दशकात सुरू झाली. भारतात ती अद्याप सर्वत्र पोहोचलेली नाही.

पासष्टीपुढील ज्या व्यक्तींत केवळ अवटु-उद्दीपक हॉर्मोन थोडे वाढलेले असते व थायरॉक्सिन प्राकृत असते, त्यांच्याबाबत मुळात आरंभ करावा की नाही हाच प्रश्न आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७३७ वृद्धांवरील युरोपीय चाचणीत औषधाने लक्षणांत कोणताही फरक आढळला नाही. रक्ताचा आकडा सुधारणे म्हणजे रुग्ण सुधारणे नव्हे.

आता वेळेकडे वळू. गिळलेल्या थायरॉक्सिनापैकी साधारण ७० ते ८० टक्के भाग लघ्वांत्रात शोषला जातो, तोही बहुतांशी पहिल्या तीन तासांत. गोळी विरघळण्यास जठरातील आम्ल लागते. इटलीतील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले की, जठराच्या दाहामुळे ज्यांचे आम्ल घटले आहे अशा रुग्णांना नेहमीपेक्षा २२ ते ३४ टक्के अधिक मात्रा लागते. आम्लनाशक औषधांचा परिणामही त्याच दिशेने होतो. कॅल्शियम व लोह यांची लवणे थायरॉक्सिनाशी आतड्यात संयुक्त होऊन त्याचे शोषण अडवितात. कॉफी, दूध व सोयाबीन यांचाही अडथळा नोंदलेला आहे. अवटु-उद्दीपक हॉर्मोन इतके संवेदनशील असते की, शोषणातील थोड्याशा चढउतारानेही त्याची पातळी कित्येक पटींनी बदलते.

सकाळ की रात्र, या वादात दोन चाचण्यांचा आधार घेतला जातो आणि प्रथमदर्शनी त्या परस्परविरोधी वाटतात. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ रुग्णांनी तीन रीतींनी, प्रत्येकी आठ आठवडे, गोळी घेतली. न्याहारीपूर्वी किमान एक तास उपाशीपोटी घेतली असता अवटु-उद्दीपक हॉर्मोनाची सरासरी १.०६ आली, निजतेवेळी घेतली असता २.१९ आणि न्याहारीबरोबर घेतली असता २.९३. अर्थात उपाशीपोटी सकाळ सर्वश्रेष्ठ ठरली. याउलट नेदरलँड्समधील चाचणीत, जी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, ९० रुग्णांत निजतेवेळी घेतलेल्या गोळीने हीच पातळी १.२५ एककांनी अधिक खाली आणली. रात्र श्रेष्ठ ठरली. पण तपशील पाहिला की विरोध मावळतो. डच रुग्ण सकाळी गोळीनंतर अवघ्या अर्ध्या तासात न्याहारी करीत आणि त्यांचे संध्याकाळचे जेवण लवकर उरकत असल्याने निजताना पोट बरेच रिते असे. अमेरिकेत सकाळचे अंतर तासाचे होते, तर रात्री जेवणानंतर दोन तासांवर गोळी घेण्याची मुभा होती. दोन्ही ठिकाणी जिंकले ते रिकामे पोट, घड्याळ नव्हे.

महाराष्ट्रातील घरांत याचा अर्थ काय होतो, तो निराळा सांगावयास हवा. रात्रीचे जेवण नऊ-साडेनऊला आणि साडेदहाला झोप, अशी जेथे दिनचर्या आहे तेथे डच अनुभव लागू पडत नाही. सकाळी अनशेपोटी गोळी घेतो असे रुग्ण सांगतो, तेव्हा पाठोपाठ येणारा दुधाचा चहा त्याच्या हिशेबात ‘खाणे’ नसतो. ‘चहा किती वेळाने घेता?’ हा प्रश्न स्पष्टपणे विचारल्यावाचून मात्रा वाढवू नये. तास-अर्धा तास चहा लांबविणे ज्यांना अशक्य आहे, त्यांनी तो रोज ठरावीक अंतरानेच घ्यावा व मात्रा त्याप्रमाणे बसवून घ्यावी, हा व्यवहार्य मार्ग आहे. शोषण कमी असले तरी चालते. रोज वेगळे असलेले चालत नाही.

हा सर्व विचार सर्वांत निकडीचा होतो तो गर्भिणीच्या बाबतीत. बॉस्टन येथील २००४ च्या अभ्यासात गर्भधारणेच्या पाचव्या आठवड्यापासूनच थायरॉक्सिनाची गरज वाढू लागल्याचे व पहिल्या अर्ध्या काळात ती सरासरी ४७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. गर्भाची स्वतःची ग्रंथी त्या वेळी कार्यक्षम नसते. त्याच्या मेंदूला आईच्याच हॉर्मोनावर अवलंबून राहावे लागते. म्हणून आधीपासून उपचार चालू असलेल्या स्त्रीने गर्भधारणा निश्चित होताच आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्याव्यात व त्वरित तपासणी करावी, असा सल्ला दिला जातो. ही वाढ सुमारे २९ टक्के होते. पुढे शासकीय आरोग्य केंद्रातून तिला लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या आवश्यकच आहेत, परंतु सोयीसाठी सर्व गोळ्या एकदम घेतल्या तर वाढविलेली मात्रा आतड्यातच अडकून पडते. थायरॉक्सिन पहाटे, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोह त्याहून वेगळ्या वेळी, अशी किमान चार तासांच्या अंतराची मांडणी तिला कागदावर लिहून द्यावी.

एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्याने बहुतेकांना बाधत नाही, कारण साठा मोठा आहे. हृद्रोग्याने मात्र तसे करू नये. तपासणीच्या दिवशी रक्त देण्यापूर्वी गोळी घेऊ नये. घेतल्यानंतर काही तास मुक्त थायरॉक्सिनाची पातळी तात्पुरती चढलेली असते व अहवाल वाचणाऱ्याची दिशाभूल होते.