गृहकर्ज मध्यस्थ आणि कर्जप्रक्रियेचा कालावधी (अमेरिका)

अमेरिकेत घर घेऊ इच्छिणारी व्यक्ती आणि कर्ज देणारी संस्था यांच्यामध्ये काम करणाऱ्या परवानाधारक मध्यस्थाला मॉर्टगेज ब्रोकर असे म्हणतात. हा मध्यस्थ स्वतःचे पैसे कर्जाऊ देत नाही. अर्जदाराची कागदपत्रे जमवून, अर्ज तयार करून तो एक किंवा अनेक धनकोंपुढे ठेवतो. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार धनकोकडील अंडररायटरचा असतो. २००८ च्या सेफ कायद्यानुसार अशा मध्यस्थांना राज्याचा परवाना आणि राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आवश्यक आहे.

अर्जापासून ‘क्लोजिंग’पर्यंत सामान्यतः महिना ते दीड महिना लागतो. कर्जाच्या दस्तांवर सह्या होणे, विक्रेत्याला रक्कम मिळणे आणि दस्त नोंदणीसाठी जाणे, या अंतिम टप्प्याला क्लोजिंग म्हणतात.

विलंबाचे परिणाम

खरेदी करारात क्लोजिंगची तारीख ठरलेली असते. त्या तारखेपर्यंत कर्ज हाती आले नाही, तर कराराच्या अटींनुसार खरेदीदाराची इसाऱ्याची रक्कम धोक्यात येऊ शकते. शिवाय व्याजदर ठरावीक मुदतीसाठीच, बहुधा ३०, ४५ किंवा ६० दिवसांसाठी, निश्चित करून मिळतो. ही मुदत उलटल्यास ती वाढवण्यासाठी शुल्क भरावे लागते, किंवा बाजारातील नवा दर स्वीकारावा लागतो.

वेळ कोठे जातो

मंजुरीच्या निर्णयाला स्वतः फारसा वेळ लागत नाही. फॅनी मे या संस्थेची ‘डेस्कटॉप अंडररायटर’ ही संगणकीय प्रणाली १९९५ पासून वापरात असून ती अर्जाचे प्राथमिक मूल्यमापन काही मिनिटांत करते. दिवस जातात ते अपुऱ्या कागदपत्रांच्या पाठपुराव्यात. वेतनपावत्या, मागील दोन वर्षांची डब्ल्यू-२ वेतन विवरणपत्रे आणि दोन महिन्यांचे बँक खातेउतारे हा नेहमीचा संच. खातेउताऱ्याचे एखादे पान गाळले गेले, अगदी ते कोरे असले तरी, अंडररायटर संपूर्ण उतारा पुन्हा मागवू शकतो आणि फाइल पुन्हा रांगेत जाते. खात्यात अलीकडे जमा झालेल्या मोठ्या रकमेचा उगमही दाखवावा लागतो. भारतातील आईवडिलांनी पाठवलेल्या पैशांच्या बाबतीत अमेरिकेतील मराठी कुटुंबांना याचा अनुभव येऊ शकतो: रक्कम परतफेडीची अपेक्षा नसलेली भेट असल्याचे पत्र आणि हस्तांतराचा पुरावा लागतो, तसेच मूळ कागद इंग्रजीत नसल्यास अनुवादही जोडावा लागतो.

म्हणून कुशल मध्यस्थ कागदपत्रे तुकड्यातुकड्याने न पाठवता परिपूर्ण फाइल एकदाच सादर करतो. मालकीहक्काचा शोध तो मंजुरीची वाट न पाहता सुरू करवतो. त्यातून जुना बोजा किंवा न भरलेला कर उघडकीस आल्यास तो दूर करण्यास अवधी मिळतो. (महाराष्ट्रात हे काम बहुधा बँकेच्या वकिलाच्या शोध अहवालाने होते, अमेरिकेत त्याला टायटल विम्याची जोड असते.) क्लोजिंगपूर्वी नवे कर्ज न काढण्याची, नोकरी न बदलण्याची सूचनाही तो अर्जदाराला देतो, कारण नोकरीची पडताळणी शेवटच्या दिवसांत पुन्हा होते.

मूल्यांकनाच्या बाबतीत मात्र त्याचे हात बांधलेले आहेत. मूल्यांककावर दबाव येऊ नये म्हणून फॅनी मे आणि फ्रेडी मॅक यांच्या नियमांनुसार मध्यस्थाला मूल्यांकक निवडता येत नाही.

कमी न करता येणारे दिवस

३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या नियमांनी काही किमान अवधी घालून दिला आहे. नाव, उत्पन्न, सामाजिक सुरक्षा क्रमांक, मालमत्तेचा पत्ता, तिचे अंदाजित मूल्य आणि कर्जाची रक्कम या सहा गोष्टी मिळाल्या की अर्ज पूर्ण मानला जातो. त्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत ‘लोन एस्टिमेट’ हे खर्चाचे अंदाजपत्रक द्यावे लागते. ते मिळून अर्जदाराने पुढे जाण्याचा इरादा कळवेपर्यंत पतअहवालाखेरीज कोणतेही शुल्क घेता येत नाही. परिणामी मूल्यांकनाचे पैसे त्याआधी घेता येत नाहीत, आणि अर्जदाराने उत्तर देण्यात घालवलेला प्रत्येक दिवस एकूण कालावधीत भर घालतो.

अंदाजपत्रक दिल्यापासून किंवा टपालात टाकल्यापासून सात दिवस होईपर्यंत कर्जाचा व्यवहार पूर्ण करता येत नाही. अंतिम आकड्यांचे ‘क्लोजिंग डिस्क्लोजर’ ऋणकोच्या हाती त्याच्या किमान तीन दिवस आधी पडावे लागते. या दोन्ही मोजणींत रविवार व संघराज्याच्या सार्वजनिक सुट्ट्या वगळल्या जातात. शनिवार धरला जातो. टपालाने पाठवलेला कागद तीन दिवसांनी मिळाल्याचे गृहीत धरले जाते. त्यामुळे ऋणकोची आगाऊ संमती घेऊन तो इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवल्यास प्रत्यक्षात दिवस वाचतात. कर्जाचा प्रकार बदलला, मुदतपूर्व फेडीचा दंड नव्याने जोडला गेला किंवा वार्षिक दरात मर्यादेपलीकडे फरक पडला, तर तीन दिवसांची मोजणी पुन्हा सुरू होते. आवश्यक वाटल्यास ऋणको मधल्या काळात आकडे तपासून प्रश्न विचारू शकतो. घाईच्या सह्यांपेक्षा ही प्रतीक्षा त्याच्या हिताची ठरते.

२००८ च्या आर्थिक संकटापूर्वी वेग वेगळ्या मार्गाने साधला जाई. अर्जदाराने सांगितलेले उत्पन्न कागदपत्रांविना मान्य करणारी कर्जे झटपट मंजूर होत, आणि त्यांपैकी अनेक पुढे थकली. ऋणकोच्या परतफेडीच्या क्षमतेची पडताळणी करण्याचे बंधन २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने घातले. त्याखालील नियम जानेवारी २०१४ मध्ये अमलात आले.

राहत्या घरावरील जुने कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या धनकोकडून नवे कर्ज घेतल्यास सह्यांनंतरही तीन दिवस व्यवहार रद्द करण्याचा हक्क ऋणकोला असतो. तोवर रक्कम दिली जात नाही. घरखरेदीच्या कर्जाला ही तरतूद लागू नाही.