कोड : शब्द एक, प्रकार अनेक

आमच्या पारोळ्यात स्थळाची चौकशी करताना आजही हळूच विचारतात, 'घराण्यात कोणाला कोड नाही ना?' ही भीती शब्दाबरोबरच चालत आली आहे. 'कोड' हे संस्कृत 'कुष्ठ'चेच बदललेले रूप. चरकसंहितेतही श्वित्र, म्हणजे पांढरे डाग, कुष्ठाच्याच अध्यायात येतात.

प्रत्यक्षात हे आजार वेगळे. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि त्याचा चट्टा बधिर होतो. कोडाच्या डागावर स्पर्श, गरम, गार सारे नीट कळते. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. त्यामुळे ते कोणाकडून कोणाला लागत नाही.

त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात डाग शरीराच्या एकाच बाजूला उठतात. हा बहुधा लहान वयात सुरू होतो, एक-दोन वर्षे पसरतो आणि थांबतो. थांबल्यावर त्वचारोपणाचा चांगला उपयोग होतो. दुसऱ्यात दोन्ही हात, गुडघे, डोळ्यांभोवती असे जोडीने डाग येतात. तो कधी वाढेल, कधी थांबेल, सांगता येत नाही. यात थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. उपचारात नवा रंग मुख्यतः केसांच्या मुळांतून येतो. म्हणून ओठ आणि बोटांच्या टोकांवरचे डाग चिवट असतात.

रसायनामुळेही रंग जातो. माझ्या मावसबहिणीच्या कपाळावर नेमका टिकलीच्या जागी पांढरा ठिपका उठला. काही टिकल्यांच्या डिंकातले एक रसायन रंगपेशी मारते. टिकली सोडल्यावर डाग वाढला नाही, पण ठरत आलेले लग्न तोवर मोडले होते.

घरगुती उपायांत बावची प्रसिद्ध आहे. तिच्यातील सोरालेन उन्हाच्या मदतीने काम करते, हे खरे. पण मनाने बावची चोळून खानदेशातल्या उन्हात बसले, तर कातडी भाजून फोड येतात. आता दवाखान्यात मोजून-मापून अतिनील किरण देतात.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांना आधार देते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'नितळ' हा २००६ चा चित्रपटही याच विषयावर आहे.

कोडात आनुवंशिकतेचा थोडा वाटा आहे. पण बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कोणालाही कोड नसते. तेव्हा घराणे विचारण्याआधी डाग कोणत्या प्रकारचा, हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे. मावसबहिणीच्या वेळी तेवढे कोणी विचारले नाही.