विश्लेषण : खर्ड्यात मराठे जिंकले, मग आठच वर्षांत नगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती कसा पडला?

जामखेड तालुक्यातील खर्डा आणि अहिल्यानगर शहरातील भुईकोट किल्ला ही एकाच जिल्ह्यातील दोन ठिकाणे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यात मराठ्यांनी निजामाला नमवले. १२ ऑगस्ट १८०३ रोजी नगरचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीने घेतला. मधल्या साडेआठ वर्षांत असे काय घडले, की विजेत्यांची सत्ता इतक्या वेगाने खचली?

खर्ड्याची लढाई कशावरून झाली?

वाद थकबाकीचा होता. निजामाच्या मुलखातून मराठ्यांना चौथ आणि सरदेशमुखी, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि त्यावर आणखी दहावा हिस्सा मिळायचा. ही रक्कम वर्षानुवर्षे थकली होती. पुण्याहून नाना फडणवीस तगादा लावत होते, तर निजाम अली खानाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क टाळाटाळ करत होता. हिशेब समजावून द्यायला नानांनीच हैदराबादेत यावे, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगितले जाते. बोलणी फिसकटली आणि निजाम बीदरहून फौजेसह निघाला.

कोण कोणाच्या बाजूने होते?

तरुण पेशवे सवाई माधवराव स्वतः मोहिमेवर होते आणि सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर आणि नागपूरचे रघुजी भोसले आपापल्या फौजा घेऊन आले. दोन्ही बाजूंना युरोपीय पद्धतीने शिकवलेली पायदळाची पलटणे होती. शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ होता आणि निजामाकडे रेमाँ. दोघेही फ्रेंच. निजामाने कंपनीकडे मदत मागितली होती, पण गव्हर्नर जनरल जॉन शोअर यांनी तटस्थ राहणे पसंत केले.

प्रत्यक्ष लढाईत फार माणसे पडली नाहीत. निजाम माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि कोंडला गेला. पाणी आणि रसद तुटल्यावर त्याला तह करावा लागला. दौलताबादचा किल्ला, सुमारे ३५ लाखांचा मुलूख आणि ३ कोटी रुपये देण्याचे ठरले. मुशीर-उल-मुल्कालाही मराठ्यांच्या हवाली करावे लागले.

मग बिनसले कुठे?

पहिले कारण माणसांचे. महादजी शिंदे लढाईच्या वर्षभर आधीच, फेब्रुवारी १७९४ मध्ये गेले होते. याच जामखेड तालुक्यातील चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकर १३ ऑगस्ट १७९५ रोजी गेल्या. त्यानंतर अडीच महिन्यांत, शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून जखमी झालेल्या सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. त्यांना अपत्य नव्हते.

दुसरे कारण वारशाचे. गादीवर हक्क होता तो रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव याचा. नानांना तो नको होता. त्यांनी आधी बाजीरावाला टाळण्याचा, मग त्याच्याशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला. बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी याला सवाई माधवरावांच्या विधवा पत्नीच्या मांडीवर दत्तक देऊन काही काळ पेशवेही करण्यात आले. डाव उलटल्यावर नाना महाडला गेले आणि तिथून त्यांनी सगळीकडे बोलणी लावली. निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी ऑक्टोबर १७९६ मध्ये त्यांनी खर्ड्यात मिळालेला मुलूख आणि उरलेली रक्कम सोडण्याची तयारी दाखवली. रणात मिळवलेले असे घरच्या भांडणात खर्ची पडले. डिसेंबरमध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला.

नगरचा किल्ला या भांडणात कसा आला?

हा किल्ला १७५९ पासून पेशव्यांकडे होता. पुण्याच्या राजकारणात शिंद्यांचे पारडे जड झाल्यावर तो दौलतरावांकडे गेला. १७९७च्या अखेरीस दौलतरावांनी नानांना कैद करून याच किल्ल्यात ठेवले. ज्या शिंद्यांच्या फौजेच्या बळावर नानांनी खर्डा जिंकले, त्यांचेच ते आता कैदी होते. पुढे सुटका झाली, पण मार्च १८०० मध्ये नाना वारले.

होळकरांच्या घरातही हेच सुरू होते. तुकोजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलांमध्ये तंटा लागला. दौलतरावांनी त्यात एक बाजू घेतली आणि मल्हारराव होळकर मारले गेले. १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. त्यांचे भाऊ यशवंतराव चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ त्यांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. कंपनीचे ६ हजार पायदळ पदरी ठेवायचे आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, ही त्यातील मुख्य अट. हीच तैनाती फौज. खर्ड्यात एकटा पडलेला निजाम तर १७९८ मध्येच या व्यवस्थेत गेला होता.

ऑगस्ट १८०३ मध्ये काय घडले?

शिंदे आणि भोसले यांना वसईचा तह मान्य नव्हता. होळकर मात्र या युद्धात उतरले नाहीत. आर्थर वेलस्लीने पहिला घाव नगरवर घातला, कारण पुणे ते गोदावरीच्या वाटेवर रसदीसाठी हा किल्ला मोक्याचा होता. ८ ऑगस्टला शहराच्या तटाला शिड्या लावून त्याने पेठ घेतली आणि चार दिवसांत किल्ल्याने शरणागती पत्करली. भिंगारच्या देशमुखाने ४ हजार रुपये घेऊन हल्ल्याची जागा दाखवल्याची नोंद जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. २३ सप्टेंबरला वेलस्लीने आसईची लढाईही जिंकली.

या दोन घटनांतून काय दिसते?

खर्ड्यात आलेले चौघे १८०३ मध्ये तीन वाटांना होते. पेशवा कंपनीच्या आश्रयाला, शिंदे-भोसले तिच्याविरुद्ध आणि होळकर बाजूला. होळकर लढले ते पुढच्या वर्षी, एकटे. नगरचा किल्ला काही काळ पेशव्याला परत मिळाला, पण १८१७च्या पुणे तहाने तो कायमचा कंपनीकडे गेला. वर्षभरात पेशवाईही संपली.