चुकलेला पत्ता आणि त्यावरचा व्यापार

पत्रावर पत्ता चुकीचा घातला तर टपालखाते ते पत्र परत पाठवते. पाकिटावर कारणही लिहिलेले असते: पत्ता अपुरा, किंवा या नावाची व्यक्ती येथे राहत नाही. पत्र पोहोचले नाही हे खरे. परंतु आपले काहीतरी चुकले हे आपल्याला कळते, आणि ते कळविणे हाही टपालखात्याच्या सेवेचाच भाग होय. समजा, एखाद्या पोस्टमनने असे पत्र परत न आणता बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराला नेऊन दिले आणि त्या दुकानदाराने आपल्या मालाची यादी उत्तर म्हणून धाडली, तर? इंटरनेटवर हा उद्योग अनेक देशांत वर्षानुवर्षे चालला. तो कसा चालतो आणि त्यात कोणाचे काय जाते, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला लांबलचक आकडे पाठ होत नाहीत, म्हणून नावे आली. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संशोधकाने आखली. तिला डीएनएस म्हणतात. आपण एखादे नाव टाइप केले की आपला संगणक सर्वसाधारणपणे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्राला त्याचा आकडा विचारतो. नाव नोंदलेले असेल तर आकडा मिळतो. नसेल तर ‘असे नाव नाही’ एवढेच उत्तर द्यायचे, असा नियम आहे. आदिलाबादच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत कोणी नसलेल्या गावाची गाडी विचारली, तर आतला माणूस ‘असं गाव नाही’ म्हणतो. मग प्रवासी हातातली चिठ्ठी पुन्हा वाचतो.

काही कंपन्यांनी नेमका येथेच हात घातला. ‘नाव नाही’ हे उत्तर गाळून त्या जागी त्यांनी जाहिरातींच्या पानाचा आकडा द्यायला सुरुवात केली. चुकलेला ग्राहक त्या पानावर पोहोचतो, समोर दिसेल त्या दुव्यावर बोट ठेवतो आणि कंपनीच्या खात्यात पैसे जमा होतात. ग्राहकाने इंटरनेटचे पैसे महिन्याच्या आरंभीच भरलेले असतात, ही गोष्ट वेगळीच!

दुसऱ्याच्या नावाशेजारी उभे राहून गिऱ्हाईक पकडण्याची युक्ती तशी जुनी आहे. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ कम्युनिकेशन विरुद्ध सायबरबूथ हा खटला झाला. प्रतिवादीने ‘रेडिफ’च्या इंग्रजी स्पेलिंगमधील ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून ‘रॅडिफ’ असे नाव नोंदविले होते. हे नाव आपण रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर, फ्री या शब्दांच्या आद्याक्षरांवरून घेतले, असा त्याचा खुलासा होता. न्यायालयाला तो पटला नाही. इंटरनेटवरील नाव हा केवळ पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने मानले. पुढे २००४ साली सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ या नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच तत्त्व उचलून धरले. तेथे भांडण एका जादा ‘एफ’चे होते.

आता हिशेब पाहा. ‘रॅडिफ’ नोंदविणाऱ्याला निदान त्या एका नावाची नोंदणी फी भरावी लागली, आणि त्याला न्यायालयात खेचताही आले. चौकशीच्या खिडकीत बसलेल्या कंपनीला जगातली सगळी न नोंदलेली नावे फुकट मिळतात. भांडवल नाही, फी नाही, आणि नावच कोणाचे नसल्यामुळे प्रतिवादी शोधणेही अवघड.

सर्वांत मोठा प्रयोग व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीने केला. डॉट कॉम आणि डॉट नेट या नावांची मूळ नोंदवहीच तिच्या ताब्यात आहे. १५ सप्टेंबर २००३ रोजी तिने नोंदवहीतच असा बदल केला की, या दोन प्रकारांतील कोणतेही नसलेले नाव टाइप केले तरी तिच्या ‘साइट फाइंडर’ या पानावर माणूस पोहोचावा. ई-मेलची व्यवस्था पाहणारे लोक हवालदिल झाले. पत्र पाठविणाऱ्याचे नाव खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे तपासून निरुपयोगी टपाल अडविले जात असे. आता सगळीच नावे खरी ठरू लागली. नावांच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेने ३ ऑक्टोबरला निक्षून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी हा प्रयोग थांबला.

इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांवर मात्र असा वडीलधारा कोणी नव्हता. अमेरिकेत अर्थलिंक या कंपनीने चुकलेले ग्राहक बेअरफ्रूट नावाच्या जाहिरात कंपनीकडे वळविले होते. २००८ साली डॅन कामिन्स्की या तज्ज्ञाने दाखविले की, तेथील एका उणिवेमुळे कोणत्याही नामांकित संस्थेच्या नावाखाली परक्याला आपले पान उभे करता येते.

ही गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांना परकी वाटू नये. तेलंगणात शिष्यवृत्तीचा अर्ज ई-पास या सरकारी स्थळावर भरावा लागतो. त्याच्या इंग्रजी पत्त्यात ‘तेलंगणा ई-पास’ हे शब्द सलग येतात आणि पुढे ‘सीजीजी डॉट गव्ह डॉट इन’ ही शेपटी. जैनथ किंवा बेला भागातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या हातून त्यातला एखादा ‘एस’ गळणे मुळीच अशक्य नाही. मधले उत्तर कंपनीने बदललेले असेल, तर वरच्या चौकटीत सरकारी शेपटीचे नाव तसेच राहते आणि खाली जाहिराती दिसतात. इंग्रजी अडखळत वाचणारा माणूस शेपटीवरच विश्वास ठेवतो. ‘असे नाव नाही’ हे रूक्ष उत्तर त्याच्यासाठी खरोखर पहारेकऱ्याचे काम करते. पहारा काढून तेथे फेरीवाला बसविल्यावर त्याला ग्राहकसेवा म्हणणे मला तरी पटत नाही.

पुढे यातील काही उद्योग मागे पडले. कॉमकास्ट या अमेरिकन कंपनीने २००९ साली सुरू केलेली अशी सेवा जानेवारी २०१२ मध्ये बंद केली. कारण उत्तरांवर सही करण्याची डीएनएससेक ही पद्धत तिने स्वीकारली, आणि सहीच्या उत्तरांत बनावट उत्तर खपत नाही. जर्मनीत डॉइश टेलिकॉमनेही २०१९ साली आपला हा प्रकार आवरता घेतला. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस पत्ते सर्वत्र झाल्यामुळेही हा धंदा कठीण झाला. कारण परके पान आले की ब्राउझर धोक्याची सूचना देतो. मात्र आता पुष्कळदा ब्राउझरच अर्धवट नाव शोधयंत्राकडे नेतो आणि तेथेही पहिल्या ओळींत जाहिराती असू शकतात. गल्ला दुसऱ्याकडे गेला, एवढेच.

आपल्या घरच्या जोडणीची परीक्षा सोपी आहे. इंग्रजी वीसेक अक्षरे वाटेल तशी टाइप करून पुढे डॉट कॉम लावावे, आणि आरंभी एचटीटीपी लिहावे, म्हणजे शोधयंत्र मध्ये येणार नाही. ‘पत्ता सापडला नाही’ अशी सूचना आली तर ठीक. जाहिरातींचे पान उघडले तर फोनच्या किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या संस्थेचे डीएनएस घालता येते. गुगलचे चार वेळा आठ आणि क्लाउडफ्लेअरचे चार वेळा एक, मध्ये टिंबे देऊन, हे आकडे सर्वांना विनामूल्य खुले आहेत. आपण कोणती नावे शोधतो हे मग त्या संस्थांना कळते, हेही लक्षात घेऊनच बदल करावा.