आजोबांचे पाय आणि मधुमेहाची गोळी

गेल्या महाशिवरात्रीला आम्ही घरची मंडळी शहाद्याहून तोरणमाळला गेलो होतो. गोरक्षनाथाचे दर्शन झाले, यशवंत तलावाच्या काठी शिदोरी सोडली, आणि निघायच्या वेळी आजोबांना जमिनीवरून उठताच येईना. वय ७४, मधुमेह पंधरा वर्षांचा. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. सीताखाई पाहायला ते आलेच नाहीत. "तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसतो," एवढेच म्हणाले. तरुणपणी हाच डोंगर पायी चढलेल्या माणसाचे ते बोलणे मला लागले.

घरी येऊन मी वाचत सुटलो. २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग हाती लागला. पासष्टीच्या पुढील माणसांना १४ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला. काहींना सोबत मेटफॉर्मिन, काहींना औषध नसलेली गोळी. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. झाले! मी ते आजोबांना सांगितले आणि त्यांनी मुकाट्याने गोळी सोडली. महिनाभरात साखर तीनशेच्या वर गेली, आणि पाय आणखी बारीक झाले.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावले. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. इन्सुलिन त्यांना साखर पोचवते, शिवाय त्यांची झीजही रोखते. ते अपुरे पडले की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते. म्हणजे चढलेली साखर ही गोळीपेक्षा मोठी वैरी. आणि त्या प्रयोगातल्या माणसांना मधुमेह नव्हताच, हे मी वाचूनही नजरेआड केले होते!

गोळी निर्दोष आहे असे मात्र नव्हे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास काहींच्या रक्तातील बी-१२ घटते. मग पाय बधिर होतात, तोल जातो. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी साखर एकदम उतरून म्हातारी माणसे पडतात. सेमाग्लुटाइडची हल्ली फार चर्चा आहे. त्याने भूक मंदावते, वजन उतरते, पण उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. स्थूल माणसाला ते परवडेल. आजोबांसारख्या काटकुळ्याला विचार करूनच द्यावे लागते.

काटकुळ्यांचे कोडे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच देहावरून दाखवले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! आपल्याकडे बारीक दिसणाऱ्याच्याही अंगी स्नायूंची शिल्लक मुळात थोडी असू शकते, ती अशी.

आजोबांचे बी-१२ कमीच निघाले. इंजेक्शने झाली, गोळी पुन्हा सुरू झाली. पथ्याच्या नावाखाली त्यांनी वरणसुद्धा सोडले होते. ते आणि एक उकडलेले अंडे आता ताटात असते. अंड्यावरून आजीशी दोन दिवस अबोला झाला, तो वेगळा. सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून हात न टेकता उठायचे. आरंभी एकदाही जमेना. परवा मी मोजले, सात वेळा उठले. सीताखाईचे विचारले, तर म्हणाले, "आधी दहा होऊ दे."